हंगामपूर्व अपेक्षा आणि खेळाडूचे मूल्यमापन : फुटबॉल चाहत्यांच्या संदर्भात

सारांश

फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी चाहते आपल्या संघातील खेळाडूंविषयी ठाम अपेक्षा बाळगतात. या अपेक्षा प्रामुख्याने मागील हंगामाच्या आकड्यांवर आधारलेल्या असतात. त्या आकड्यांतील योगायोगाचा वाटा मात्र विचारात घेतला जात नाही. परिणामी पुढील हंगामात होणारी स्वाभाविक घट खेळाडूच्या वृत्तीतील दोष म्हणून गणली जाते. इंग्लंडमधील लेस्टर सिटी या संघाच्या उदाहरणाच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करणे आणि अध्यापनक्षेत्रातील मूल्यमापनाशी तिचा असलेला संबंध दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : हंगामपूर्व अपेक्षा, चाहता, योगायोग, सरासरीकडे परतणे, मूल्यमापन

१. प्रस्तावना

पावसाळा सरला की कोल्हापुरातील पेठांमध्ये, तालमींच्या कट्ट्यांवर फुटबॉलची चर्चा रंगू लागते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ अशा संघांचे समर्थक शाहू स्टेडियमवरील सामने सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या खेळाडूंची बेरीज-वजाबाकी मांडत असतात. कोण कोणत्या संघात गेला, गेल्या वर्षी चमकलेला पोरगा यंदा काय करणार, नव्याने आलेला खेळाडू किती गोल करील, याची उत्तरे एकही सामना न होता ठरलेली असतात. अशीच चर्चा दरवर्षी जुलै-ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडमधील प्रत्येक शहरात चालते. दूरचित्रवाणीमुळे ती आता पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन तरुणांमध्येही ऐकू येते.

ही चर्चा वरवर करमणुकीची वाटत असली, तरी तिच्यात मूल्यमापनाचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. मर्यादित पुराव्यावरून माणसाच्या क्षमतेविषयी अनुमान काढणे आणि ते अनुमान चुकले की दोष त्या माणसाकडे देणे, ही प्रवृत्ती क्रीडांगणापुरती मर्यादित नाही. इंग्लिश प्रीमियर लीगमधील खेळाडूंची हंगामनिहाय नोंद व्यवस्थित उपलब्ध असल्यामुळे पुढील विवेचनासाठी तेथील उदाहरणे निवडली आहेत.

२. अपेक्षा कशाच्या आधारे घडते?

हंगामपूर्व अपेक्षेचे तीन प्रमुख आधार सांगता येतात. पहिला आधार म्हणजे मागील हंगामातील कामगिरी. दुसरा आधार सरावसामन्यांचा. हंगामापूर्वीच्या या सामन्यांचा मुख्य उद्देश शारीरिक तयारी हा असतो. त्यांत अनेक खेळाडू आळीपाळीने उतरवले जातात आणि प्रतिस्पर्धीही पूर्ण ताकदीने खेळतोच असे नाही. तरीही अशा सामन्यात एखाद्या नवोदिताने दोन गोल केले की चाहत्यांच्या मनात तो पहिल्या अकरांत जाऊन बसतो. अल्प नमुन्यावर मोठ्या नमुन्याइतकाच विश्वास टाकण्याच्या या मानवी सवयीकडे ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच लक्ष वेधले होते.

तिसरा आधार म्हणजे खेळाडूसाठी मोजलेली किंमत. जानेवारी २०११ मध्ये चेल्सीने फर्नांडो टोरेस याला लिव्हरपूलकडून ५ कोटी पौंडांना घेतले. ब्रिटिश फुटबॉलमधील तो त्या वेळचा उच्चांक होता. लिव्हरपूलसाठी लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल करणाऱ्या टोरेसला चेल्सीसाठी ११० सामन्यांत २० गोल करता आले. चेल्सीकडे येण्यापूर्वीच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. परंतु किंमत ही भावी कामगिरीची हमी आहे असे मानल्यामुळे प्रत्येक गोलशून्य सामन्यानंतर चर्चा होत राहिली ती त्या रकमेचीच. वास्तविक किंमत ही खरेदीदाराची अपेक्षा असते. तिच्यातून खेळाडूच्या क्षमतेत कोणतीही भर पडत नाही.

या तिन्ही आधारांमागे एक भावनिक सूत्रही कार्यरत असते. अमेरिकेतील रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जिंकल्यानंतर विद्यार्थी त्या विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक प्रमाणात घालतात. विजयाचे वर्णन ते ‘आपण’ या सर्वनामाने करतात, पराभवाच्या वर्णनात मात्र हे सर्वनाम कमी आढळते. ‘आपण जिंकलो’ आणि ‘ते हरले’ ही वाक्ये मराठी चाहत्यालाही अपरिचित नाहीत. खेळाडूच्या यशात स्वतःची प्रतिष्ठा गुंतलेली असल्यामुळे चाहत्याची अपेक्षा तटस्थ राहू शकत नाही.

३. लेस्टर सिटीचे उदाहरण

२०१४-१५ च्या हंगामात लेस्टर सिटी हा संघ ४१ गुणांसह १४ व्या क्रमांकावर राहिला. पुढील हंगामापूर्वी तो विजेता ठरेल या शक्यतेला सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता. जुलै २०१५ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांची व्यवस्थापक म्हणून नियुक्ती झाली. मागील हंगामात लीगमध्ये अवघे ५ गोल करणाऱ्या जेमी वार्डीने २०१५-१६ मध्ये २४ गोल केले आणि त्यात सलग ११ सामन्यांत गोल करण्याचा विक्रम नोंदवला. रियाद महरेझने १७ गोलांची भर घातली. लेस्टरने ८१ गुणांसह विजेतेपद मिळवले.

यानंतरचा हंगाम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. २०१६-१७ मध्ये वार्डीचे गोल १३ वर आणि महरेझचे ६ वर आले. संघ घसरणीच्या क्षेत्राच्या अगदी वर येऊन ठेपला. विजेतेपदाला वर्षही पूर्ण झाले नसताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरी यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर संघ सावरला आणि ४४ गुणांसह १२ व्या क्रमांकावर राहिला. यशाने खेळाडू सुस्तावले, पैशामुळे भूक संपली, प्रशिक्षकाविषयी निष्ठा उरली नाही, अशी स्पष्टीकरणे त्या काळात सर्वत्र दिली गेली.

त्या स्पष्टीकरणांत काहीच तथ्य नव्हते असे येथे म्हणावयाचे नाही. मधल्या फळीचा कणा असलेला एन्गोलो कान्टे २०१६ मध्ये चेल्सीकडे गेला होता. शिवाय लेस्टरला त्या वर्षी युरोपातील चॅम्पियन्स लीगचे अतिरिक्त सामने खेळावे लागले आणि तेथे संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तथापि ४१, ८१ आणि ४४ हे तीन आकडे एकापाठोपाठ ठेवले असता एक साधा प्रश्न समोर येतो. स्पष्टीकरणाची गरज खरोखर तिसऱ्या आकड्याला आहे की दुसऱ्या?

४. सरासरीकडे परतणे

या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रातील एका जुन्या संकल्पनेत सापडते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील व अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. अतिशय उंच आई-वडिलांची मुले उंच असली, तरी सर्वसाधारणपणे त्यांच्याइतकी उंच नसतात, असे त्यांना आढळले. कोणत्याही मोजमापात स्थिर घटक आणि योगायोगाचा घटक एकत्र असतील, तर टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीच्या जवळ येण्याची शक्यता अधिक असते. यालाच सरासरीकडे परतणे असे म्हणतात.

फुटबॉलमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असण्याचे कारण म्हणजे गोल ही विरळ घटना आहे. एका हंगामात संघाला ३८ सामने मिळतात. एखाद्या आघाडीच्या खेळाडूची खरी क्षमता हंगामाला १५ गोलांची आहे असे समजू. विरळ घटनांच्या गणितानुसार अशा संख्येतील नैसर्गिक चढउतार साधारणतः तिच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे ४ असतो. याचा अर्थ असा की, त्याच्या खेळात, मेहनतीत वा वृत्तीत काडीचाही बदल न होता तो एका वर्षी ११ आणि दुसऱ्या वर्षी १९ गोल करू शकतो. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, पंचांनी पेनल्टी दिली की नाही, अशा गोष्टींची ही बेरीज असते. चाहत्याला मात्र ११ गोल करणारा आणि १९ गोल करणारा ही दोन वेगळी माणसे वाटतात.

येथे निवडीचा प्रश्नही लक्षात घेणे आवश्यक आहे. हंगामापूर्वी चर्चा सर्वच खेळाडूंची होत नाही, ती ज्यांचा मागील हंगाम असामान्य ठरला त्यांची होते. म्हणजेच ज्यांच्या बाजूने क्षमतेबरोबर दैवही उभे राहिले, नेमके त्यांनाच आपण अपेक्षेसाठी निवडतो. त्यामुळे अपेक्षाभंग हा अपघात ठरत नाही, त्याची तरतूद निवडीतच झालेली असते.

५. ‘नव्याचे नऊ दिवस’ : एक घाईचा निष्कर्ष

सरासरीकडे परतणे म्हणजे खेळाडू सामान्य असल्याचे सिद्ध होणे, असा अर्थ मात्र काढता येणार नाही. सरासरी प्रत्येकाची निराळी असते. टॉटनहॅमच्या हॅरी केनने २०१४-१५ मध्ये लीगमध्ये २१ गोल केले. पुढील हंगामाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याला लीगमध्ये गोल करता आला नाही, तेव्हा हे नव्याचे नऊ दिवस होते असा शेरा अनेकांनी मारला. त्याच हंगामात त्याने २५ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. मोहम्मद सलाहची गोष्टही अशीच आहे. चेल्सीमध्ये फारशी संधी न मिळालेला हा खेळाडू २०१७ मध्ये लिव्हरपूलकडे आला आणि पहिल्याच हंगामात त्याने ३२ गोल केले. पुढील हंगामात तो २२ गोलांवर आला. ही घट १० गोलांची होती, तरीही सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये त्या वर्षीही तो संयुक्तपणे पहिला होता. वार्डीनेही २०१९-२० मध्ये २३ गोल करून हाच मान मिळवला. २०१७ मध्ये ज्यांनी त्याला मोडीत काढले, त्यांनी एका हंगामावरून निकाल दिला होता.

६. अपेक्षाभंगाचा नैतिक अर्थ

चाहत्याचे अनुमान चुकणे ही गंभीर बाब नव्हे. गंभीर बाब ही की, चुकलेल्या अनुमानाची भरपाई खेळाडूच्या चारित्र्यातून केली जाते. ‘त्याच्या डोक्यात हवा गेली’ हे वाक्य आकड्यांतील चढउताराचे रूपांतर स्वभावदोषात करते. व्यावसायिक खेळाडूपाशी निदान मोबदला असतो. तालमीच्या संघातून खेळणारा तरुण मात्र त्याच पेठेत राहतो. शेरा मारणाऱ्यांच्या समोरूनच त्याला रोज ये-जा करावी लागते.

काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७३ मध्ये विमानचालन प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदवला आहे. उत्तम उड्डाणाबद्दल कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणाबद्दल रागावले की पुढचे सुधारते, असा त्या प्रशिक्षकांचा ठाम समज होता. वस्तुतः दोन्ही प्रसंगी उड्डाण आपल्या सरासरीकडे परतत होते. प्रशिक्षकांच्या हाती मात्र कौतुक निरुपयोगी व रागावणे परिणामकारक, असा चुकीचा धडा आला.

प्रस्तुत लेखकालाही हा विषय केवळ वाचनातून भिडलेला नाही. काही वर्षांपूर्वी प्रथम सत्रात वर्गात पहिल्या आलेल्या एका विद्यार्थ्याचे मी प्राध्यापक कक्षात भरभरून कौतुक केले होते. दुसऱ्या सत्रात त्याचे गुण उतरले, तेव्हा ‘यशाने बिघडलास’ असे त्याला चारचौघांत सुनावले. तो काही बोलला नाही. त्यानंतर वर्गात त्याने प्रश्न विचारणे थांबवले. पुढील वर्षांत त्याचे गुण त्या दोन सत्रांच्या मधोमध स्थिरावले. ते चांगलेच गुण होते. पहिल्या सत्राच्या निकालावरून मी जी अपेक्षा उभारली होती, ती त्याने कधी मान्य केली नव्हती, आणि ती मोडल्याचा दंड मात्र त्यानेच भरला.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, हंगामपूर्व अपेक्षेमध्ये मागील हंगामाच्या आकड्याला अवाजवी महत्त्व दिले जाते. अधिक विश्वासार्ह अंदाजासाठी किमान दोन-तीन हंगामांची कामगिरी, वय, दुखापती, मैदानावरील जागा आणि सहकाऱ्यांमधील बदल यांचा एकत्रित विचार करावा लागतो. आणि असामान्य हंगामानंतर थोडी घट गृहीत धरावी लागते.

याचा अर्थ चाहत्यांनी आशा सोडावी असा नाही. आशेशिवाय तालमीचा कट्टा आणि स्टेडियम दोन्ही ओस पडतील. शिवाय लेस्टरचे २०१५-१६ चे यश कोणत्याही संयमित अंदाजात बसणारे नव्हते. अपेक्षा जरूर मोठी असावी, परंतु ती आपली आहे, खेळाडूने दिलेले वचन नव्हे, एवढे भान ठेवणे आवश्यक आहे. दर सत्राच्या निकालानंतर गुणपत्रिका हाती घेणाऱ्या आपणा अध्यापकांनाही हेच भान ठेवावे लागेल.