अंगणाचे कुंपण : लाकडी की लोखंडी?



घर बांधून होते, भिंतींना रंग लागतो आणि मग हातात जे चार पैसे उरतात त्यांत कुंपणाचा विचार सुरू होतो. शेळ्या आत येऊ नयेत, लहान मूल रस्त्यावर जाऊ नये, तुळस आणि चार फुलझाडे शाबूत राहावीत, एवढीच आपली अपेक्षा असते. मग प्रश्न पडतो : लाकूड घ्यावे की लोखंड? सुतार एक सांगतो, लोखंडाचा दुकानदार दुसरे सांगतो. दोघेही खोटे बोलतात असे नव्हे. पण आपल्या मालाची बाजू कोण मांडणार नाही?

मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे कुठलीही किंमत ऐकली, की ‘हे टिकणार किती वर्षे?’ असे विचारायची मला खोड आहे. समजा, एका कुंपणाला १२,००० रुपये लागले आणि ते ४ वर्षांत मोडले. दुसऱ्याला ३०,००० लागले आणि ते १५ वर्षे उभे राहिले. पहिले वर्षाला ३,००० रुपयांना पडले, दुसरे २,००० ना. म्हणजे स्वस्त दिसले ते महाग निघाले. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, बरं का. ज्याच्या परसात स्वतःचे बांबूचे बेट आहे आणि उन्हाळ्यात ज्याचा हात रिकामा आहे, त्याचा हिशेब अगदी निराळा होईल. त्याला दर तीन वर्षांनी नवे कुंपण घालणेही परवडेल.

पण हे वर्षांचे गणित कुठे ठरते? कुंपण मोडून पडले की नीट पाहा. वरच्या पट्ट्या बहुधा धड असतात. गेलेला असतो तो खांब, आणि तोही जमिनीला जिथे टेकतो तिथे, वीतभर भागात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावाही लागतो आणि हवाही लागते. खोल मातीत हवा कमी, वर उन्हात ओलावा कमी. जमिनीच्या रेषेवर मात्र दोन्ही भरपूर. लोखंडाचेही तसेच. गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही हवीत. म्हणून लाकूड की लोखंड हा प्रश्न मी दोनदा विचारावा असे म्हणतो : एकदा खांबासाठी आणि एकदा वरच्या अंगासाठी. दोन्हींचे उत्तर एकच असले पाहिजे असे कोणी सांगितले?

आधी लाकूड पाहू. सागवान टिकते, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. टिकतो तो सागाचा गाभा. सालीलगतचे फिकट लाकूड कुठल्याही झाडाचे असो, त्याला वाळवी आणि बुरशी सोडत नाही. कोवळ्या सागाच्या वाशात गाभा थोडाच असतो. तो वासा ‘साग’ म्हणून विकत घेतला, तर पैसे नावाचेच दिले म्हणायचे. खैर आणि ऐन ही लाकडेही कामाची आहेत. मात्र साग, खैर, ऐन हे वृक्ष महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या शेतातले झाड असले, तरी परवानगीवाचून कुऱ्हाड लावू नये. बांबूचे तसे नाही. २०१७ साली केंद्राच्या वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला.

बांबू कच्चाच मातीत रोवला, तर वर्षा-तीन वर्षांचा सोबती. त्यातल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो. बांबू तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, ती उगाच नाही. तो अंश पाण्यात निघून जातो. सिंधुदुर्गातला भरीव माणगा बांबू या कामाला फार चांगला. खांबाचे टोक जाळून रोवण्याची चालही पुष्कळ ठिकाणी दिसते. कोळसा कुजत नाही हे खरे. पण जळलेल्या थराला तडे जातात आणि त्यांतून ओल आत शिरते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. डांबर लावायचे ते लाकूड पुरते वाळल्यावरच, नाहीतर आतली ओल आतच कोंडते.

आता लोखंड. दिल्लीचा सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ गंजत नाही, मग आपला अँगल का गंजतो, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे त्याच्यावर एक रक्षक थर बसला आहे. आजचे बाजारातले लोखंड त्या जातीचे नव्हे. त्याला रंग तरी हवा, नाहीतर जस्ताचा मुलामा. बाजारात ज्याला ‘जीआय’ म्हणतात तो हाच. आपल्या पितळी भांड्याची कल्हई उडाली, की भांडे उघडे पडते. जस्ताचे वैशिष्ट्य असे, की ओरखडा आला तरी आजूबाजूचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण वेल्डिंगच्या जागी हे जस्त जळून जाते. गंज सुरू होतो तो तिथूनच. त्या सांध्यांना जस्ताचा रंग मागून घ्यावा. कारागीर आपणहून क्वचितच लावतो.

समुद्रकाठी लोखंडाचा निभाव कमी लागतो, कारण खारी हवा. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे जरूर दाखवावे : एक खिळा कोरड्या बाटलीत, दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून, तिसरा मिठाच्या पाण्यात तसाच, आणि चौथा जस्ताचा मुलामा असलेला, तोही मिठाच्या पाण्यात. आठवडाभर मुलांना रोज बघू द्यावे.

तेव्हा माझे मत असे. देशावर खांब जस्ताच्या मुलाम्याच्या अँगलचे करावेत आणि वर लाकडी पट्ट्या किंवा बांबूच्या कामट्या बसवाव्यात. पट्टी मोडली तर घरचा माणूस दुपारात बदलतो. त्याला वेल्डर शोधावा लागत नाही. पट्ट्यांचे खालचे टोक जमिनीपासून चार बोटे वर ठेवावे, म्हणजे वाळवी चढली तर तिची मातीची वाट खांबावर उघडी दिसते. कोकणात जांभ्याचे खांब आणि वर बांबू, हेच उत्तम. तिथे शेजाऱ्याकडे दिसले म्हणून लोखंड घेऊ नये. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण असते : ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब हलू लागतो. खड्डा मोठा घ्यावा, मुरमाने ठोकून भरावा, आणि खांबाचा सुमारे तिसरा हिस्सा आत जाऊ द्यावा. सिमेंट ओतले, तर त्याचा माथा उतरता करावा, पाणी साचता कामा नये.

काटेरी तार मात्र अंगणाला नको. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली तिच्या सुधारित रूपाचा पेटंट घेतला. त्या काळी ती खपली मुख्यतः गवताळ माळरानांवर. तिथे कुंपणाला लाकूडच मिळत नव्हते आणि गुरांचे कळप अडवायचे होते. आपल्या अंगणात पोरे धावतात. आणि कुंपण कुठल्याही धातूचे असो, त्याला विजेची तार बांधू नये किंवा टेकूही देऊ नये. पावसाळ्यात वायरचे आवरण फाटले, तर ओल्या हाताने कुंपण धरणारा माणूस जिवाला मुकतो.

राहिले फाटक. सगळा ताण त्यावर आणि त्याच्या खांबावर, म्हणून तो खांब इतरांहून जाड घ्यावा. लाकडी फाटकाला तिरकी पट्टी मारतात, ती खालच्या बिजागरीपासून वर कडीच्या बाजूला न्यावी. उलटी मारली, तर दोन पावसाळ्यांत फाटक जमिनीला घासू लागते. तार ताणून आधार द्यायचा असेल, तर मात्र ती वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या कोपऱ्याकडे आणावी.