आडमार्गाचे विमान

अंबाडी नाक्यावरून आतल्या गावांकडे वळणारी एस.टी. नफ्यात चालते काय, असे कोणी विचारीत नाही. गर्दीच्या मार्गाने आडमार्गाची तूट सोसावी, हे आपण मान्यच केले आहे. विमानाच्या बाबतीत हा न्याय पुरता पचनी पडलेला नाही. लहान शहरांसाठी १९८१ मध्ये निघालेली ‘वायुदूत’ तोट्यात रुतली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

२०१६ च्या ‘उडान’ योजनेने एस.टी.चीच रीत उचलली. तासाभराच्या प्रवासास निम्म्या आसनांपुरते भाडे तेव्हा २,५०० रुपयांपर्यंत ठरले. तूट भरण्यासाठी मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी. म्हणजे भार मुंबई-दिल्ली करणाऱ्यावर, विमानात कधी न बसलेल्या कारकुनावर तो मुख्यतः नाही. मात्र या साहाय्यास मुदत घातली ती अवघी तीन वर्षांची! मुंबई-सिंधुदुर्ग विमान ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले आणि मुदत सरताच, २०२४ च्या ऑक्टोबरात, थांबले. नव्या मार्गाची सवय प्रवाशांस जडायलाच तेवढा काळ लागतो. साहाय्य कायमचे असावे, असे माझे म्हणणे नाही. प्रवासी वाढतील तसतसे ते मार्गागणिक उतरत जावे, एकदम तोडू नये.