औषध अंगात मुरते की जंतूंत?

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक वाक्य वारंवार कानी पडते : “फादर, त्या गोळ्या आमच्या अंगात मुरल्या. आता त्यांचा गुण येत नाही.” उशाशी पाहावे तर दहा गोळ्यांपैकी चारच घेतलेल्या. ताप उतरला म्हणून उरलेल्या सहा पुढच्या आजारासाठी राखून ठेवलेल्या. बोलणारा खोटे सांगत नसतो. पण गोळी मुरते ती आपल्या अंगात नव्हे, तर अंगातील जंतूंत. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण त्यावर आपलाच नव्हे तर शेजाऱ्याचाही जीव अवलंबून आहे.

शेतकऱ्याला हे समजणे अवघड नाही. भातावरील तुडतुड्यांवर दरवर्षी एकच औषध फवारले तर काय होते? पहिल्या वर्षी कीड साफ होते. पण लाखांत चार-दोन चिवट किडे वाचतात, त्यांचीच वीण वाढते आणि काही वर्षांनी तेच औषध पाण्यासारखे ठरते. पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविक औषधांचेही तसेच आहे. दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना रान मोकळे होते. किड्याची पिढी वाढायला काही आठवडे लागतात. काही जंतू मात्र अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. शिवाय एक जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

पेनिसिलिनचा शोध 1928 साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. आपण तो मनावर घेतला नाही. 2019 या एका वर्षात अशा चिवट जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

यातील दुःखाची गोष्ट अशी की, चूक एकाची आणि भोग दुसऱ्याचा. चिवट जंतू हातांवरून, पाण्यातून, शेणातून, कच्च्या दुधातून पसरतो. ज्या तान्ह्या बाळाने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही तो गाठतो. बाळंतीण, वृद्ध, मधुमेही आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रोगी यांना त्याचा धोका अधिक.

आता गोठ्याकडे वळू. म्हशीला दगडी झाली की सडात औषधाची ट्यूब भरतात आणि संध्याकाळी तेच दूध डेअरीला जाते. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरच्या बायकांना ठाऊक आहे. दुधात उतरलेले औषध विरजणातील उपकारी जंतूंना मारते, हे त्याचे कारण. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश पुरता जात नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्याचीही चाल होती. माणसाच्या चिवट जंतुरोगांत डॉक्टरांच्या हाती उरणाऱ्या अखेरच्या औषधांपैकी ते एक. म्हणून 2019 साली भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही.
2. पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस व मात्रा पाळावी, आपल्या मनाने थांबू नये.
3. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये. माणसाचे औषध जनावराला, जनावराचे माणसाला देऊ नये.
4. जनावराला औषध दिल्यावर गुरांचे डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध विकू नये, घरीही वापरू नये.
5. धार काढण्यापूर्वी व नंतर, तसेच शेण भरल्यावर साबणाने हात धुवावेत. हातावरची जखम झाकावी. शेणखत चांगले कुजवूनच शेतात घालावे.

चार दिवसांचे दूध ओतून देणे गरिबाला जड जाते, हे आम्ही जाणतो. पण ते दूध पिणारे लेकरू आपल्याला दिसत नसले तरी तोही आपला शेजारीच आहे. शेजारप्रीतीची आज्ञा पाळण्याची जागा केवळ मंदिरात नाही, ती गोठ्यात आणि औषधाच्या फळीवरही आहे.