रावे, इंटर्नशिप, अप्रेंटिस : सिद्धगडाच्या पायथ्याशी ऐकू येणारे काही गैरसमज

मृग लागला की ठाणे ग्रामीणमधल्या गावांत नवे चेहरे दिसू लागतात. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, हातात कॉलेजच्या नावाचा फ्लेक्स. ग्रामपंचायतीत गुलाबाचे फूल देऊन स्वागत होते आणि दोन दिवसांनी 'कृषिदूतांचे गावात आगमन' अशी बातमी छापून येते. ही बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली. 'ग्रामीण कृषी जागरूकता आणि कृषी कार्यानुभव' हे त्यांच्या कार्यक्रमाचे कागदावरचे नाव, पण बोलताना सगळे 'रावे'च म्हणतात. रंधावा समितीच्या शिफारशींतून पुढे आलेला हा उपक्रम देशातल्या कृषी विद्यापीठांत कित्येक दशके चालू आहे. २५ जुलै २०१५ रोजी 'स्टुडंट रेडी' योजना सुरू झाली, तेव्हा त्यात रावेचाही समावेश झाला आणि विद्यार्थ्याला महिना ३,००० रुपये विद्यावेतन ठरले.

विस्तार शिक्षण शिकवत असल्यामुळे अशा मुलांबरोबर मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या बाजूला माझे जाणे होते. डोक्यावर सह्याद्रीची भिंत, भीमाशंकर अभयारण्याचे रान, खाली भाताची खाचरे आणि मधेमधे ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या. या मुलांविषयी, आणि एकूणच इंटर्नशिपविषयी, गावकरी, पालक आणि खुद्द विद्यार्थी जे बोलतात त्यातले बरेचसे चुकीचे आहे. पुढे बावीस-तेवीस वर्षांची मुले आपले आयुष्य कुठे लावायचे ते याच समजुतींवर ठरवतात, म्हणून त्या दुरुस्त करणे मला गरजेचे वाटते.

गैरसमज : ही मुले शेतकऱ्याला शेती शिकवायला येतात.

पहिल्या आठवड्यात मुलांनाही असेच वाटत असते. वहीत चारसूत्री भात लागवड तोंडपाठ असते. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ही पद्धत खरोखरच उत्तम आहे. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा शेतात परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, १५ आणि २५ सेंटिमीटरची आलटून पालटून अंतरे ठेवून दोरीवर लावणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, चिखलात खोल खोचायची. वरून फेकलेला युरिया कोकणातल्या पावसात वाहून जातो. गोळी मुळाशी राहते आणि हळूहळू विरघळते. विज्ञान पक्के आहे. मग शेतकरी हे का करत नाहीत? 'अडाणी आहेत, ऐकत नाहीत' हे उत्तर मुलांच्या ओठावर तयार असते.

यावर मी मुलांना एक हिशेब घालतो. या अंतराने लावले तर एका चौरस मीटरला २५ चूड बसतात. चार चुडांना एक गोळी म्हणजे एका गुंठ्याला सुमारे ६२५ गोळ्या आणि एकराला २५,०००. गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे वजन फारसे नाही, एकराला साधारण साडेसदुसष्ट किलो. पण प्रत्येक गोळी वाकून, हाताने, सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची आणि तीही लावणीच्या दिवशीच. हे आकडे फळ्यावर मांडताना काही वाटत नाही. खाचरात उतरून अर्धा गुंठा गोळ्या खोचल्या की कंबरेला सगळे समजते.

दोरीचेही तसेच. जुलैत पाऊस धरला की सगळ्या गावाची लावणी एकदम निघते आणि मजूर मिळणे मुश्कील होते. बायका ओळीने वाकून, मागे सरकत, डोळ्याच्या अंदाजाने आवण लावत जातात, आणि त्या वेगात दोरी आडवी आली की काम रेंगाळते. दोरीने लावायला वेळ किती लागला, मजुरी किती वाढली, पीक किती वाढले आणि ते भरून निघाले का, हे ज्या गटाने मोजले त्या गटाला कृषी विस्तार समजला असे मी मानतो. ज्यांनी नुसता 'चारसूत्री प्रात्यक्षिक' असा फ्लेक्स धरून फोटो काढला, त्यांना तो समजलेला नाही.

बीजप्रक्रियेचा प्रसंग याच्या उलटा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, बियाणे ओतून ढवळायचे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. एका वाडीवर मुलींनी घमेल्यात हे करून दाखवले. घरच्या आजींनी सुपाने पाखडून ठेवलेले बियाणे होते. वर आले ते मूठभरच. मुली जरा हिरमुसल्या. आजी मात्र वाकून, तरंगलेला एकेक दाणा दोन नखांत दाबून पाहत होत्या. 'हा सुपात जड वाटला होता,' म्हणाल्या. पुढच्या साली मीठ घालून पाहीन, असेही म्हणाल्या. पाखडण्याने वाचलेली मेहनत किती आणि मिठाच्या पाण्याने साधलेली भर किती, हे दोन्ही त्या घमेल्यात दिसले. खर्च मिठाचा फक्त, जास्तीचा मजूर नाही, लावणीच्या घाईत खोळंबा नाही. अशी शिफारस शेतकरी उचलतो.

शेजारच्या कर्जत तालुक्यात लावणीच्या मजुरांच्या अडचणीवर मोठे काम झाले आहे. अमेरिकेत शिकून आलेले चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळजवळ सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात चिखलणी आणि लावणी हे दोन्ही टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर टोकणी करतात. कर्जतलाच कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे, जिथून कर्जत-३, कर्जत-७ असे वाण आले. मजूर, वेळ आणि पाऊस यांचा पेच संशोधनाला कसा वळण देतो, हे सिद्धगडाहून जवळच पाहता येते.

गैरसमज : खरी इंटर्नशिप ठाण्या-मुंबईच्या ऑफिसात, गावात जाणे म्हणजे सहल.

रावेतला एक भाग सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाचा असतो. शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा आणि गावकऱ्यांनी तो दुरुस्त करायचा. मुले निळ्या रांगोळीने ओढा रेखतात, विहीर दाखवतात. कुणीतरी म्हातारबाबा काठी विहिरीवर टेकवून विचारतात, 'ही कुठल्या महिन्याची?' मार्चनंतर ती कोरडी असते. मग मुलांना दोन नकाशे काढावे लागतात, पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. दुसऱ्यात बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांची वाट येते. शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणे आहेत, मुरबाडच्या बाजूला औद्योगिक पट्ट्याला आणि शहरांना पाणी पुरवणारे बारवी आहे, आणि त्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धोरण आखणाऱ्या कुठल्याही कार्यालयात बसून हे इतके लखलखीत दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना गावाचे वेळापत्रक शिकवते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दिवाळीनंतर यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. जुलैत सर्वेक्षण केले तर घर भरलेले आणि मूल शाळेत. डिसेंबरात गेलात तर दाराला कडी. कोणत्या महिन्यात विचारले यावर आकडा बदलतो, ही समज पुढे बँकेत, विमा कंपनीत, सरकारी खात्यात, कुठेही लागणार.

शिकलेल्या माणसाचे काम शहरातच असते, हे सिद्धगडाच्या परिसरात तरी कुणी म्हणू नये. माथेरानमध्ये जन्मलेले, कायद्याचे शिक्षण घेतलेले भाई कोतवाल शेतकरी-आदिवासींत राहिले, सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी धान्यपेढी उभारली, शाळा काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या 'आझाद दस्ता' या गटाने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आजही त्या तारखेला लोक तिथे जमतात. मुलांना मी त्यांच्या हौतात्म्याइतकेच धान्यपेढीबद्दल सांगतो. कर्जाचा हिशेब समजून घेऊन त्यावर उपाय उभा करणे हे आपल्या पदवीचेच काम आहे.

गैरसमज : इंटर्न, अप्रेंटिस, प्रशिक्षणार्थी सगळे एकच, आणि सगळे फुकट राबणारे.

हे तिन्ही वेगळे आहेत आणि फरक माहीत नसल्याने नुकसान मुलांचेच होते. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा १९६१ च्या कायद्याखाली येतो. मुरबाड एमआयडीसी किंवा आसनगावच्या कारखान्यात आयटीआय झालेला मुलगा लागतो तो बहुधा असा. त्याचा करार नोंदवावा लागतो आणि नियमाने ठरलेले किमान विद्यावेतन द्यावे लागते. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कायद्याच्या भाषेत तो 'कामगार' नाही, पण काम करताना अपघात झाला तर भरपाईचा हक्क त्याला आहे. हे एक वाक्य प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर लिहायला हवे.

कॉलेजची इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉमच्या मुलांनाही ती करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने एका श्रेयांकाला ३० तासांचे काम, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. इथे पैसे मिळतीलच असे नाही, पण शिकवणे हा व्यवहाराचा अर्धा भाग आहे. महिनाभर नुसत्या झेरॉक्स काढायला लावल्या तर आपल्या मार्गदर्शक शिक्षकांना लेखी कळवावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

तिसरा प्रकार सरकारी योजनांचा. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या त्याच वर्षीच्या प्रायोगिक टप्प्यात २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत वर्षभर, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदा ६,००० रुपये अशी तरतूद होती.

गैरसमज : मुदत संपली की तिथेच कायम करतात.

नाही. शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर नाही. राज्याची योजना सहा महिन्यांची होती, पुढे मुदत वाढली, आणि मुदत संपल्यावर 'आम्हाला सेवेत घ्या' म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. शाळेत, तलाठी कार्यालयात मनापासून काम केलेल्या त्या मुलांचे दुःख खरे आहे. पण रुजू होतानाच त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगणारे कुणी असते, तर त्या महिन्यांत त्यांनी पुढची तयारीही केली असती.

गैरसमज : ॲग्री केले म्हणजे एमपीएससी, नाहीतर घरी.

पालकांचा हा सगळ्यात घट्ट समज. स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी, पण कृषी पदवीधराला बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी होता येते, बियाणे उत्पादनात, पीक विम्यात, मृदा परीक्षणात कामे असतात. फारसा कुणाला माहीत नसलेला मार्ग शेतकरी उत्पादक कंपन्यांचा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झालेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिना २५,००० रुपयांपर्यंत मदत पहिल्या तीन वर्षांसाठी ठरली. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत हा माणूस नेमका काय करणार? भाताची आधारभूत किंमत २०२५-२६ साठी साधारण प्रतीला क्विंटलमागे २,३६९ रुपये होती. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर ती मिळवायला नोंदणी, सातबारा, ओलावा, बारदान, हप्त्याची तारीख या सगळ्यांतून जावे लागते. ज्याला तेवढा दम नाही तो व्यापाऱ्याला कमी भावाने देऊन मोकळा होतो. ही साखळी ज्याने रावेत एका शेतकऱ्याबरोबर केंद्रावर उभे राहून पाहिली, त्याला मुलाखतीत काय सांगायचे ते शोधावे लागत नाही.

गैरसमज : सर्टिफिकेट मिळाले, काम झाले.

सर्टिफिकेट सगळ्यांना सारखेच मिळते. अहवालही पुष्कळदा मागच्या वर्षीचाच, नावे बदलून. मुलाखत घेणारा तो उघडतही नाही. तो विचारतो, 'तुम्ही सांगितलेले शेतकऱ्याने का नाही केले?' इथे रोजनिशी कामी येते, तीही कॉलेजला दाखवायची छापील नव्हे, आपली स्वतःची. आज कुणाकडे गेलो, त्यांनी काय विचारले, मला काय सांगता आले नाही, कुठल्या दुकानात ब्रिकेट मिळाल्या नाहीत, कुठल्या वाडीला एसटी पोचत नाही. दोरीच्या लावणीचा हिशेब मांडणाऱ्या गटातल्या एका मुलीने असे सगळे साध्या दोनशे पानी वहीत लिहिले होते, पावसाने शाई फुटलेली. वर्षअखेरीस बँकेच्या मुलाखतीला जाताना ती तीच वही पुन्हा वाचत बसली होती. भातपिकाच्या कर्जाची गरज कोणत्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते असे तिला विचारले गेले, आणि तिने लावणीच्या मजुरीचे आकडे दिवसवार सांगितले.