तीस तासांचे शेजारी

नेदरलँड्समध्ये आयसेल नदीच्या काठी डेव्हेंटर हे जुनं व्यापारी शहर आहे. तिथल्या ‘ह्युमानिटास’ वृद्धाश्रमात साधारण 160 आजी-आजोबा राहतात आणि त्यांच्याच शेजारच्या खोल्यांमध्ये सहा कॉलेजविद्यार्थी. विद्यार्थ्यांना भाडं पडत नाही. बोली एवढीच, की महिन्याकाठी 30 तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं.

हे समाजसेवेचं खूळ वाटेल, पण सुरुवात झाली ती जमाखर्चातून. 2012 च्या सुमारास डच सरकारने वृद्धांच्या निवासी देखभालीवरच्या खर्चाला कात्री लावली. फारशी शुश्रूषा लागत नाही अशांचा आश्रमातला खर्च मिळेनासा झाला. हिंडतीफिरती माणसं घरीच राहू लागली, खोल्या रिकाम्या पडू लागल्या आणि आत उरले ते अधिक थकलेले. इकडे विद्यार्थी महागड्या, गोंगाटाच्या खोल्यांनी जेरीस आलेले. संचालिका खेया साइप्केस यांनी या दोन अडचणींची सोयरीक जुळवली.

या तीस तासांत करायचं काय? औषधपाणी, अंघोळी, मलमपट्टी यांतलं काहीच नाही. त्याला पगारी माणसं आहेत. मुलांनी गप्पा माराव्यात, टीव्हीवरची मॅच सोबत बघावी, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसावं, ईमेल शिकवावा. एकाने तर आजी-आजोबांच्या हाती रंगाचे स्प्रे देऊन ग्राफिटीची शिकवणी घेतली. पेल्यांत चेंडू टाकायचा ‘बिअर पाँग’ हा पोरांच्या पार्ट्यांतला खेळही तिथे रंगला. नियम जवळजवळ एकच: इतरांना उपद्रव द्यायचा नाही.

खरी मेख या बिनकामाच्या कामातच आहे. वाढदिवसाला फळं वाटून, फोटो काढून परतणारा पाहुणा आजींना ‘तब्येत कशी आहे?’ एवढंच विचारतो आणि उत्तरात गुडघे येतात. शेजारचा मुलगा मात्र रात्री उशिरा घरी येतो, परीक्षेला घाबरतो, मैत्रिणीशी भांडतो. म्हणजे आजींनाही त्याला विचारण्यासारखं काहीतरी असतं! जेवणाच्या टेबलावर सांधेदुखी मागे पडते आणि ‘काल त्याच्याकडे आलेली ती कोण?’ हा विषय पुढे येतो. कोण कोणाची विचारपूस करतंय, हे मग सांगता येत नाही.

मुलांना खोली फुकट मिळते, तरी राहणं सगळंच हलकं नसतं. विशीत सहसा लांबून ऐकलेलं मरण इथे शेजारच्या दारी येतं. ज्यांच्याशी रोज गप्पा व्हायच्या, त्यांची खोली एक दिवस रिकामी होते, आणि तरीही संध्याकाळी बाकीच्यांसोबत बसायचं असतं.

असा प्रयोग इतरत्रही झाला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात ‘जडसन मॅनर’ या पूर्वाश्रमीच्या हॉटेलात 2010 पासून संगीताचे विद्यार्थी वृद्धांसोबत असेच बिनभाड्याने राहू लागले. तिथे त्यांना मोबदल्यात मैफली कराव्या लागतात. डेव्हेंटरला वाद्य येण्याची अट नाही.