गुडघा दुखतो, दोष खुब्यात

शिवजयंती आली की शिवनेरीवरून शिवज्योत घेऊन पोरं धावत आपापल्या गावी जातात. त्यांच्यामागे धावलेलं दहा-बारा वर्षांचं पोर रात्री म्हणतं, "आई, गुडघा दुखतोय." आपण म्हणतो, "वाढतं अंग आहे, जाईल." बहुतेक वेळा जातंही. पण प्रत्येक वेळी नाही.

मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो. हाड तिथूनच वाढतं. मांडीचा दणकट स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन नडगीच्या अशाच मऊ जागी जोडलेला असतो. दहा ते पंधरा या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायू ताणले जातात. त्यात कबड्डी, उड्या, धावणं. मग वाटीखाली दुखरं टेंगूळ येतं. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी १९०३ साली या दुखण्याचं वर्णन केलं. खेळ थोडा कमी करावा, बर्फाने शेकावं, स्नायू सैल करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. वाढ थांबली की दुखणं बहुधा थांबतं. टेंगूळ मात्र राहतं. माझं अजून आहे. नमाजात गुडघे टेकले की आठवण देतं. लहानपणी ते तेल लावून जोरजोरात चोळलं होतं. दुखणं वाढलं, एवढंच!

खरी फसगत पुढे आहे. खुबा आणि गुडघा यांच्या नसा सामाईक, म्हणून खुब्याचं दुखणं मूल गुडघ्यात सांगतं. चार ते आठ वर्षांच्या मुलात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्याला पर्थेस म्हणतात. दहा ते सोळाच्या वयात तो गोळा जागेवरून सरकू शकतो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, घरचे निर्धास्त होतात आणि खुबा बिघडत राहतो. म्हणून मूल लंगडत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, "खुबाही पाहा."

ताप असेल, सांधा सुजून गरम झाला असेल, पाय टेकवत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात पू झाला तर काही दिवसांतच कूर्चा कायमची खराब होते.

आहुप्यासारख्या डोंगरातल्या गावांहून मंचरचं उपजिल्हा रुग्णालय लांब पडतं, हे खरं. पण २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित आहे. त्या दिवशी लंगडणारं पोर मागच्या रांगेत बसवू नका. त्याला सर्वांत आधी पुढे करा.