नळ्यांचा एक्स-रे आणि उद्याचे बाळ

राधानगरी असो, गडहिंग्लज असो की सीमेपलीकडचे निपाणी, मूल होत नाही म्हणून कितीतरी जोडपी उपचारासाठी कोल्हापूर गाठतात. डॉक्टरांनी ‘नळ्यांचा एक्स-रे काढून या’ म्हटले, की घरात आधी शंका निघते ती किरणांची. ज्या बीजातून उद्या बाळ व्हायचे, त्यावरच एक्स-रे सोडायचा?

शंका रास्त आहे. क्ष-किरणांनी जनुके बदलतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवून दिले. १९४६ चे नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळाले. शिवाय स्त्रीबीजांचा साठा मुलगी जन्मतानाच ठरलेला असतो. त्यामुळे खरा प्रश्न मात्रेचा आहे.

एचएसजी नावाच्या या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडातून आयोडीनयुक्त औषध आत सोडतात आणि ते कुठवर पोहोचते हे एक्स-रेवर पाहतात. औषध नळ्यांच्या टोकातून बाहेर सांडले तर वाट मोकळी. मध्येच अडले तर नळी बंद. आपल्याकडे या अडथळ्यामागे अनेकदा जननमार्गाचा क्षयरोग असतो. या तपासणीत अंडाशयाला साधारणतः काही मिलिग्रे एवढाच किरणोत्सर्ग मिळतो. निम्मी स्त्रीबीजे नष्ट व्हायला सुमारे २,००० मिलिग्रे लागतात.

आणि पुढची पिढी? हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर झालेल्या सुमारे ७७ हजार मुलांचा मागोवा शास्त्रज्ञ आजही घेत आहेत. आईवडिलांना मिळालेल्या किरणोत्सर्गामुळे त्यांच्यात जन्मजात व्यंगे वाढल्याचे ठामपणे दिसलेले नाही. केरळच्या मोनाझाइटयुक्त किनाऱ्यावर नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथल्या १ लाख ४० हजारांहून अधिक नवजात बाळांच्या पाहणीतही तशी वाढ आढळली नाही.

जपायचे ते वेगळ्याच गोष्टींना.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज बाहेर पडण्याआधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान ही तपासणी करतात, कारण नकळत दिवस राहिलेले असतील तर किरण आणि औषध दोन्ही गर्भापर्यंत जाऊ शकतात. म्हणूनच पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात आणि शंका असल्यास गर्भचाचणी करतात. पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनयुक्त औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. तपासणीनंतर ताप आला किंवा दुखणे वाढले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या तपासणीचा एक अनपेक्षित लाभही आहे. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (२०१७) तेलयुक्त औषध वापरलेल्या गटात सहा महिन्यांत ३९.७ टक्के जणींना दिवस राहिले. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाच्या गटात हे प्रमाण २९.१ टक्के होते.

किरण नकोतच असतील, तर काही ठिकाणी सोनोग्राफीखाली द्रव किंवा फेस सोडूनही नळ्या तपासतात. मात्र त्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालेली असावी. ती सोपी आहे, तिला किरण लागत नाहीत, आणि तिच्यातच मोठा दोष सापडला तर उपचाराची दिशा बदलून काही जणींना नळ्यांचा एक्स-रे काढावाच लागत नाही.